उमेदवार कोणी ठरवायचा? अमेरिकेतील राज्य विधिमंडळांच्या प्रायमरीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांचा विषय अमेरिकेतील असला, तरी त्यांतील अनेकांच्या मागे कोल्हापूर उत्तर मतदारसंघाची २०२४ची आठवण आहे. विधानसभेच्या त्या निवडणुकीत काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली, आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी, ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्यांनी अर्ज मागे घेतल्यामुळे त्या पक्षाचे ‘हात’ हे चिन्हच मतदानयंत्रावर राहिले नाही. अपक्ष म्हणून रिंगणात असलेल्या लाटकरांना पक्षाने मग पाठिंबा दिला. या सगळ्या घडामोडींत मतदाराला कोणत्याही टप्प्यावर कोणी काही विचारले नव्हते. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे मतदाराला आधी विचारण्याची जी ‘प्रायमरी’ नावाची रीत अमेरिकेत शंभरहून अधिक वर्षे कायद्याने चालू आहे, तिच्याविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते आणि आता ती तेथील नागरिक आहे. तिच्या राज्याच्या विधानसभेची ‘प्रायमरी’ ऑगस्टमध्ये होते आणि तिच्या मतदारसंघात एकाच पक्षाचे चार उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे आहेत, असे ती सांगते. पक्षाने एकाला तिकीट देऊन बाकीच्यांची समजूत का काढली नाही? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

पक्षाला समजूत काढता येते, गळ घालता येते, एखाद्याला उघड पाठिंबाही देता येतो; परंतु तिकीट देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्या राज्यात पक्षाच्या कार्यालयाकडे नाही. आपल्याकडे ज्याच्या हातात ‘एबी फॉर्म’ तो पक्षाचा उमेदवार असतो. विस्कॉन्सिनमध्ये असा कोणताही कागद नाही. तेथे जी व्यक्ती आपल्या मतदारसंघातील रहिवाशांच्या ठरावीक सह्या गोळा करून मुदतीत दाखल करते, तिचे नाव तिने सांगितलेल्या पक्षाच्या रकान्यात छापले जाते. विधानसभेसाठी, म्हणजे तेथील असेंब्लीसाठी, किमान २०० आणि कमाल ४०० सह्या लागतात. वरच्या सभागृहासाठी, म्हणजे राज्याच्या सिनेटसाठी, ४०० ते ८००. अशी चार माणसे निघाली की एकाच पक्षाचे चार उमेदवार प्रायमरीत उतरतात, ज्याला सर्वाधिक मते पडतात तो नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत पक्षाचा अधिकृत उमेदवार होतो आणि बाकीच्यांचा प्रवास तेथेच संपतो. आपल्याकडे अपक्षाला दहा सूचक लागतात आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. त्या हिशेबाने २०० हा आकडा मोठा वाटेल, पण त्यासाठी दारोदार फिरावे लागते आणि त्या फिरण्यातच नवख्या उमेदवाराची मतदाराशी पहिली ओळख होते. मतदारसंघही लहान आहेत. विस्कॉन्सिनच्या असेंब्लीत ९९ सदस्य आहेत आणि एका सदस्यामागे साधारण साठ हजार लोकसंख्या येते. आपल्या जिल्ह्यात चंदगडपासून शिरोळपर्यंत दहा विधानसभा मतदारसंघ आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे एका आमदारामागे पावणेचार लाखांहून अधिक माणसे. साठ हजारांच्या वस्तीत कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या आधाराशिवाय पायी फिरून ओळख करून घेणे एखाद्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला शक्य होते.

आपली मुलगी योगायोगाने त्याच राज्यात राहते जेथे या पद्धतीची पाळेमुळे आहेत, म्हणून थोडे मागे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उमेदवार ठरत ते पक्षांच्या अधिवेशनांत. गावोगावच्या बैठकांतून प्रतिनिधी निवडून जायचे आणि ते प्रतिनिधी उमेदवार ठरवायचे. कोल्हापूरच्या वाचकाला हे चित्र समजायला वेळ लागणार नाही, कारण ‘गोकुळ’ दूध संघाच्या निवडणुकीत दूध घालणारा प्रत्येक शेतकरी मत देत नाही, त्याच्या संस्थेच्या नावाने ज्याचा ठराव होतो तो मत देतो, आणि सगळी लढाई मतदानाच्या दिवसाआधी कितीतरी दिवस ठराव कोणाच्या नावे होतो यावर लढली जाते. रॉबर्ट ला फॉलेट हे विस्कॉन्सिनमधील रिपब्लिकन पुढारी १८९६ आणि १८९८ या दोन्ही वर्षी गव्हर्नरपदाच्या, म्हणजे राज्याच्या निर्वाचित प्रमुखपदाच्या, उमेदवारीसाठी अशा अधिवेशनांत हरले. रेल्वे आणि लाकूड व्यवसायातील धनिकांच्या पाठबळावर चालणारी पक्षयंत्रणा प्रतिनिधींना आपल्या बाजूला वळवते, असा त्यांचा आरोप होता. १९००मध्ये ते निवडून आले आणि उमेदवार थेट मतदारांनी निवडावा असा कायदा त्यांनी रेटून धरला. विधिमंडळाने १९०३मध्ये तो संमत केला, १९०४मध्ये राज्यातील जनतेने सार्वमतात त्यावर शिक्कामोर्तब केले आणि १९०६मध्ये त्या कायद्याखालची पहिली प्रायमरी झाली. पुढील काही वर्षांत बहुतेक राज्यांनी ही वाट धरली.

मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगावी. त्या मतपत्रिकेवर सगळ्या पक्षांचे रकाने असतात, परंतु एका मतदाराला एकाच पक्षाच्या रकान्यात मत देता येते. एका पदासाठी एका पक्षात आणि दुसऱ्या पदासाठी दुसऱ्या पक्षात खूण केली, तर ती मते वाया जाण्याचा धोका असतो. नोव्हेंबरमध्ये हे बंधन नसते.

प्रश्न : कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत कोणीही मत देऊ शकत असेल, तर विरोधी पक्षाचे लोक मुद्दाम कमकुवत उमेदवार निवडून देणार नाहीत का? (एक निवृत्त शिक्षिका, गडहिंग्लज)

ही शंका अमेरिकेतील पक्षांनीही वारंवार घेतली आहे आणि तिच्या उत्तरात प्रत्येक राज्याने वेगळा मार्ग काढला आहे. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी ‘बंद’ असते, म्हणजे ज्याने आपली नोंद त्या पक्षाचा मतदार म्हणून आधीच केली आहे त्यालाच तिच्यात मत देता येते. तेथे उमेदवारीसाठी लागणाऱ्या सह्याही त्याच पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांच्या असाव्या लागतात. विस्कॉन्सिन आणि टेक्सास या राज्यांत मतदाराची पक्षवार नोंदणीच होत नाही. टेक्सासमध्ये मतदार मतदानाच्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची ते ठरवतो, मात्र मार्चमध्ये एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिले की मे महिन्याच्या दुसऱ्या फेरीत त्याला दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही.

कॅलिफोर्नियाने तर पक्षाची भिंतच काढून टाकली. तेथे पूर्वी एक अशी पद्धत आणली गेली होती की मतदाराने एका पदासाठी या पक्षाचा आणि दुसऱ्या पदासाठी त्या पक्षाचा उमेदवार निवडावा. पक्षाचा उमेदवार बाहेरच्यांकडून ठरवून घेणे हा पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचा भंग आहे असे म्हणत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये ती रद्द केली. मग जून २०१०मध्ये तेथील मतदारांनी जनमताने नवी पद्धत स्वीकारली आणि २०१२पासून ती लागू झाली. सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात आणि पहिले दोन, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, नोव्हेंबरमध्ये आमनेसामने उभे राहतात. अशा प्रायमरीतून पक्षाचा उमेदवार ठरतच नाही, फक्त शेवटच्या फेरीचे दोघे ठरतात, म्हणून ती न्यायालयात टिकते. अलास्काने २०२०मध्ये पहिल्या चौघांना पुढे पाठवण्याचा निर्णय घेतला. नेब्रास्काच्या विधिमंडळाला १९३७पासून एकच सभागृह आहे आणि तेथे विधिमंडळाच्या उमेदवारांपुढे पक्षाचे नावच छापले जात नाही.

आपल्या मूळ शंकेविषयी माझे मत असे आहे की मुद्दाम खोडी काढण्यासाठी रांगेत उभा राहणारा मतदार फार थोडा असतो. खरी अडचण याच्या उलट आहे. प्रायमरीला येणारे मतदारच मुळात कमी असतात आणि जे येतात ते आपल्या मताविषयी अधिक आग्रही, अधिक कडवे असतात. त्यामुळे मधल्या वाटेने जाणारा उमेदवार अनेकदा पक्षातच हरतो आणि नोव्हेंबरच्या मतदाराला त्याला मत देण्याची संधीच मिळत नाही.

प्रश्न : आमच्या भागात तिकीट न मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी अपक्ष अर्ज भरतो आणि निकाल फिरवतो. प्रायमरीत हरलेला उमेदवार तेथे बंडखोरी करत नाही का? (एक वाचक, कागल)

बहुतेक राज्यांत तसे करण्याची सोयच ठेवलेली नाही. प्रायमरीत हरलेल्याने त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून किंवा दुसऱ्या पक्षाकडून उभे राहू नये, असा प्रतिबंध एक तर स्पष्ट शब्दांत केलेला असतो किंवा अपक्षाच्या अर्जाची मुदत प्रायमरीच्या आधीच संपवून साधलेला असतो. त्यामुळे ज्याला अपक्ष लढायचे आहे त्याला ते आधीच ठरवावे लागते. पक्षात नशीब अजमावून मग बाहेर पडण्याची मुभा राहत नाही.

अपवाद आहेत. कनेक्टिकटमध्ये अमेरिकी सिनेटचे सदस्य जोसेफ लीबरमन ऑगस्ट २००६मध्ये आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत नेड लॅमाँट यांच्याकडून हरले, स्वतंत्रपणे उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये निवडून आले. अलास्कात २०१०मध्ये लिसा मर्कोव्स्की यांनी तर मतपत्रिकेवर नाव नसताना, मतदारांना आपले नाव हाताने लिहायला सांगून, सिनेटची जागा राखली. ही दोन्ही उदाहरणे राष्ट्रीय सभागृहाची आणि मोठ्या नावांची आहेत. राज्य विधिमंडळाच्या पातळीवर हरलेला उमेदवार बहुधा जिंकणाऱ्याला पाठिंबा देतो किंवा गप्प बसतो, आणि दोन वर्षांनी पुन्हा सह्या गोळा करू लागतो.

मला यात महत्त्वाची वाटते ती हरण्याची रीत. आपल्याकडचा बंडखोर ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे म्हणतो तेव्हा अनेकदा त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण असते, कारण निर्णय कोणत्या निकषावर झाला हे कोणालाच सांगितलेले नसते. त्याच माणसाला आपल्याच गावातील मतदारांनी मोजून मागे टाकले असेल, तर त्याच्या बंडाला सहानुभूती मिळत नाही.

प्रश्न : निवडून आल्यानंतर दुसऱ्या बाजूला जाऊन बसणाऱ्या आमदारांचे काय? पक्षांतरबंदी कायदा तेथे आहे का? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

आपल्या संविधानाच्या दहाव्या अनुसूचीसारखा कायदा तेथे नाही. आपल्याकडे ही अनुसूची १९८५मध्ये आली, २००३मध्ये ती अधिक कडक झाली, आणि तरीही महाराष्ट्राने जून २०२२मध्ये शिवसेनेतील आणि जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादीतील फूट पाहिली. पुढचा वाद विधानसभाध्यक्ष, निवडणूक आयोग आणि न्यायालये यांच्या दालनांत चालला. अमेरिकेत असा आमदार अपात्र ठरत नाही. त्याला जाब विचारण्याची जागा म्हणजे पुढची प्रायमरी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटचे आहे. २०११मध्ये चार डेमोक्रॅटिक सदस्यांनी पक्षापासून वेगळा गट काढला. त्याचे नेते जेफ क्लाइन होते. या गटाने रिपब्लिकन पक्षाशी हातमिळवणी केली, आणि ज्या सभागृहावर डेमोक्रॅटिक पक्षाची पकड येऊ शकत होती तेथे रिपब्लिकनांचा वरचष्मा राहिला. भाडेकरूंना संरक्षण, मतदानाच्या सोयी यांसारखी विधेयके वर्षानुवर्षे अडून पडली. गट वाढत आठ जणांचा झाला. एप्रिल २०१८मध्ये तो विसर्जित होऊन सदस्य पक्षात परतले, पण मतदार विसरले नव्हते. १३ सप्टेंबर २०१८च्या प्रायमरीत या आठांपैकी सहा जण पराभूत झाले. क्लाइन यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या कितीतरी पट खर्च केला होता. त्यांना अलेसांड्रा बियाजी या पहिल्यांदाच निवडणूक लढवणाऱ्या तरुण वकील स्त्रीने हरवले. मतदान करणारे सगळे डेमोक्रॅटिक पक्षाचेच नोंदणीकृत मतदार होते, म्हणजे ज्यांच्या नावाने ही माणसे निवडून आली होती त्यांनीच त्यांना घरी पाठवले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सभागृह डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आणि २०१९मध्ये भाडेकरूंच्या बाजूचा मोठा कायदा संमत झाला. एका प्रायमरीने एवढे घडवले हे मला मनापासून दिलासा देणारे वाटते.

तरीही हे हत्यार दुधारी आहे, हे टेक्सासवरून दिसते. तेथील विधानसभेने मे २०२३मध्ये आपल्याच पक्षाचे महाधिवक्ता केन पॅक्स्टन यांच्याविरुद्ध १२१ विरुद्ध २३ मतांनी महाभियोग मंजूर केला. सभागृहाचे रिपब्लिकन अध्यक्ष डेड फेलन यांच्यावर त्यामुळे पक्षातील एक मोठा गट संतापला आणि मार्च २०२४च्या प्रायमरीत ते आपल्या मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. टेक्सासमध्ये कोणालाच निम्म्याहून अधिक मते न पडल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २८ मे रोजीच्या त्या फेरीत १५० सदस्यांच्या सभागृहाचा अध्यक्ष चारशेहून कमी मतांनी कसाबसा वाचला, आणि वर्षअखेरीस त्यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली. त्याच हंगामात, खासगी शाळांच्या शुल्कासाठी सरकारी पैसा देण्याच्या योजनेला विरोध करणारे ग्रामीण भागातील अनेक रिपब्लिकन आमदार गव्हर्नरांच्या उघड विरोधामुळे प्रायमरीत पडले. मतदाराच्या हातात दिलेली छडी कधी कधी मोठ्या पुढाऱ्याच्या हातात जाऊन पोहोचते.

प्रश्न : दोन दोन निवडणुका म्हणजे दुप्पट खर्च. मग गरीब माणसाने उभे राहायचे कसे? (एक यंत्रमागधारक, इचलकरंजी)

आपली चिंता रास्त आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख रुपये आहे, ती किती पाळली जाते हा भाग वेगळा. अमेरिकेत अशी मर्यादा घालताच येत नाही, कारण उमेदवाराच्या खर्चावर बंधन घालणे हा भाषणस्वातंत्र्याचा भंग आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये ठरवले. परिणामी श्रीमंत उमेदवार स्वतःचे आणि संघटित हितसंबंध आपले पैसे प्रायमरीत ओततात.

काही राज्यांनी यावर जो उपाय शोधला आहे तो आपल्याकडे फारसा चर्चेत नाही. मेन राज्यात १९९६च्या जनमतानंतर उमेदवाराला सार्वजनिक निधी मिळण्याची सोय झाली. त्यासाठी त्याने आपल्या मतदारसंघातील ठरावीक मतदारांकडून प्रत्येकी पाच डॉलर आणून आपल्याला खरा पाठिंबा आहे हे दाखवायचे आणि खासगी देणग्या नाकारायच्या. अॅरिझोना आणि कनेक्टिकटमध्येही अशाच योजना आहेत. पाच डॉलरची पावती फाडणारी माणसे किती, यावर निधीची पात्रता ठरते ही कल्पना वर्गणीवर गणेशोत्सव चालवणाऱ्या आपल्या पेठांना परकी वाटू नये.

प्रश्न : आमच्या बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेत निवडून आले ते प्रायमरीतूनच का? (एक वाचक, बेळगाव)

होय, आणि त्यांच्या वाटचालीत या पद्धतीच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि १९७९मध्ये अमेरिकेला गेलेले ठाणेदार यांनी रसायनशास्त्रात संशोधन केले, पुढे उद्योग उभारले आणि २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली. कोणत्याही पुढाऱ्याने त्यांना तिकीट दिले नव्हते. सह्या आणून ते उभे राहिले, प्रचारासाठी स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणात ओतला आणि तिघांत तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या आणि पुढे गव्हर्नर झाल्या. त्यानंतर ठाणेदार डेट्रॉइटमध्ये राहायला गेले आणि ऑगस्ट २०२०मध्ये तेथील एका मतदारसंघातून राज्य विधानसभेच्या प्रायमरीत विजयी झाले. डेट्रॉइट हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे प्रायमरी जिंकली तेव्हाच ते जवळपास आमदार झाले होते, नोव्हेंबर केवळ उपचार होता. ११० सदस्यांच्या त्या सभागृहात जानेवारी २०२१मध्ये त्यांनी शपथ घेतली.

दोन वर्षांनी ते राष्ट्रीय प्रतिनिधिगृहाच्या प्रायमरीत उतरले. नऊ उमेदवारांत मते विभागली गेली आणि एक तृतीयांशाहून कमी मते मिळवून ते पहिले आले, कारण मिशिगनमध्ये टेक्साससारखी दुसरी फेरी नाही. ज्या शहरात कृष्णवर्णीय नागरिक बहुसंख्य आहेत त्या डेट्रॉइटला त्यामुळे सुमारे सात दशकांत प्रथमच एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहिला नाही, आणि ही वेदना तेथील लोकांनी उघडपणे बोलून दाखवली. आपल्या भागातील माणूस इतक्या दूर निवडून आल्याचा आनंद मलाही आहे. पण नऊ उमेदवारांत मते फुटल्यावर उरलेल्या बहुसंख्यांचे काय, हा प्रश्न त्या आनंदात झाकू नये. मेन राज्याने जून २०१८पासून प्रायमरीत पसंतीक्रमाने मतदान सुरू केले ते याच प्रश्नावरचे उत्तर म्हणून. पहिली पसंती बाद झाली की मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे त्यांना हा पसंतीक्रम परिचयाचा आहे.

भारतीय वंशाच्या आणखी एका उमेदवाराचा उल्लेख करतो. जून २०२०मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या असेंब्लीसाठी क्वीन्स भागातील प्रायमरीत झोहरान ममदानी यांनी विद्यमान सदस्य अॅराव्हेला सिमोटास यांना पाचशेहून कमी मतांनी हरवले. नोव्हेंबर २०२५मध्ये तेच न्यूयॉर्क शहराचे महापौर म्हणून निवडून आले. त्या पाचशेच्या आतील मतांच्या प्रायमरीशिवाय हा पुढचा रस्ता उघडलाच नसता.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. आपल्याकडे एखाद्या पक्षाने विधानसभेसाठी अशी प्रायमरी घ्यायचे ठरवले, तर कायद्याची अडचण आहे का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

अडचण नाही, पण आधारही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात पक्षाची नोंदणी आहे, परंतु पक्षाने उमेदवार कसा निवडावा याविषयी एक शब्द नाही. पक्षाने अधिकृत केलेल्या व्यक्तीची सही असलेला ‘बी फॉर्म’ मुदतीत पोहोचला की निवडणूक अधिकाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न संपतो. त्यामुळे पक्षाने प्रायमरी घेतली, तरी तिचा निकाल त्या सहीला बांधून ठेवत नाही. शेवटच्या दिवशी सही दुसऱ्याच नावावर झाली, तर जिंकलेला उमेदवार दाद मागायला कोठे जाणार?

हा प्रयोग झालेलाच नाही असे नाही. २०१४च्या लोकसभा निवडणुकीआधी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा आणि लातूर हे मतदारसंघ होते. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले आणि दोघेही नंतर लोकसभेला पराभूत झाले. त्या वर्षीची देशभरातील लाट पाहता पराभवाचा दोष पद्धतीला देणे योग्य नाही. पण मत कोणाला होते ते पाहावे. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी, आजी-माजी लोकप्रतिनिधी आणि संलग्न संघटनांचे कार्यकर्ते. साधा मतदार बाहेरच राहिला. ला फॉलेट ज्या प्रतिनिधींच्या अधिवेशनांविरुद्ध लढले, त्याच प्रकारच्या मंडळाला आपण प्रायमरी म्हटले.

मतदारयादी कोणाची, हाच या विषयाचा गाभा आहे, आणि त्याचा सर्वांत कटू पुरावा टेक्सासमध्ये आहे. दक्षिणेतील राज्यांत एकेकाळी डेमोक्रॅटिक पक्षच जिंकत असल्यामुळे त्याची प्रायमरी हीच खरी निवडणूक असे. १९२३मध्ये टेक्सासने कायदा करून कृष्णवर्णीय नागरिकांना तिच्यातून वगळले. एल पासो येथील डॉ. लॉरेन्स निक्सन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९२७मध्ये तो कायदा रद्द केला. राज्याने मग मतदार ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या समितीला दिला, डॉ. निक्सन पुन्हा न्यायालयात गेले आणि १९३२मध्ये तेही रद्द झाले. त्यावर पक्षाच्या अधिवेशनानेच गोऱ्यांपुरते सभासदत्व ठेवले. पक्ष ही खासगी संघटना आहे, तिने कोणाला आत घ्यावे हे तिने ठरवावे, असा युक्तिवाद न्यायालयाने १९३५मध्ये मान्यही केला. शेवटी ३ एप्रिल १९४४ रोजी, लॉनी स्मिथ या ह्यूस्टनच्या दंतवैद्यांच्या खटल्यात, प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे आणि तिच्यातून वंशाच्या आधारे कोणालाही वगळता येणार नाही, असा निर्णय झाला. ‘पक्ष ही खासगी संघटना आहे’ हा युक्तिवाद आज आपल्याकडे उमेदवारीच्या प्रत्येक वादात केला जातो. कायद्याच्या विद्यार्थ्याने तो ऐकताना १९३५ आणि १९४४ ही दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवून वाचावीत, असे मी आग्रहाने सुचवतो.

कायदा बदलेपर्यंत एखाद्या पक्षाला कोल्हापुरात प्रामाणिकपणे प्रयोग करायचा असेल, तर सुरुवात यादीपासून करावी लागेल, आणि ते काम या जिल्ह्याला शिकवावे लागणार नाही. साखर कारखाना असो, बाजार समिती असो किंवा सेवा संस्था असो, प्रारूप मतदारयादी प्रसिद्ध होणे, तिच्यावर हरकती घेणे, मयत आणि दुबार नावे शोधून काढणे, सुनावणी होणे आणि मग अंतिम यादी लागणे हे येथील सभासदांना तोंडपाठ आहे. पक्षाने आपल्या सभासदांची मतदारसंघवार यादी निवडणुकीच्या किमान सहा महिने आधी अशीच उघडपणे लावावी, तोवर ज्याला सभासद व्हायचे असेल त्याला नाममात्र शुल्कात होऊ द्यावे, मतदानासाठी पक्षाबाहेरचा, उदाहरणार्थ एखादा निवृत्त न्यायाधीश, निर्णय अधिकारी म्हणून नेमावा, आणि उभे राहणाऱ्या प्रत्येकाकडून हरल्यास अपक्ष अर्ज न भरण्याचे लेखी वचन घ्यावे. त्या वचनाला न्यायालयात फारशी किंमत नसेल. परंतु जाहीर सभेत वाचून दाखवलेला कागद मोडून अर्ज भरायला जाणारा माणूस पेठेतल्या लोकांना आधी तोंड देईल. आणि पक्षाच्या अध्यक्षांनी प्रायमरीचा निकाल लागण्याआधीच, उमेदवाराच्या नावाची जागा कोरी ठेवून, ‘बी फॉर्म’ त्या निर्णय अधिकाऱ्याकडे सही करून सोपवावा.